ताट तेच, शुगर वेगळी

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय आहे शुगर. ज्या घरात डायबेटिस आहे त्या घरात एक यादी असते. भात बंद, बटाटा बंद, केळं बंद, आंबा तर बघायचाही नाही. यादी फ्रीजवर चिकटवलेली असते, नाहीतर घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात असते. गंमत अशी की ग्लुकोमीटरने ही यादी वाचलेली नसते. सोमवारी दोन भाकऱ्या आणि पालेभाजी खाऊन दोन तासांनी १५० येते, गुरुवारी त्याच दोन भाकऱ्या आणि तीच भाजी खाऊन २१० येते. शेजारच्या काकू केळं खाऊन निवांत असतात, आणि आपल्या बाबांना अर्धं केळं चढतं. मग घरात एकच प्रश्न विचारला जातो: "काय खाल्लंत?"

आज आपण बघणार आहोत की हा प्रश्न अपुरा का आहे. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, दिवसभर लॉग वाचतो आणि सिस्टिम अशी का वागली हे शोधतो. घरी आई आणि मावशी, दोघींनाही टाइप २ डायबेटिस आहे, म्हणून हा विषय मला वाचावाच लागला. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. मी फक्त आकड्याच्या मागे काय चालतं ते सांगणार आहे.

एका आकड्यापासून सुरुवात करू. आपल्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. शुगर १०० आहे म्हणजे एका डेसिलीटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज आहे. गुणाकार करा. सगळ्या रक्तात मिळून किती ग्लुकोज झालं? ५ ग्रॅम. एक चमचा साखर! आणि शुगर २०० असेल तर दोन चमचे.

आता आपलं जेवण बघा. दोन पोळ्या, वाटीभर भात, वरण, भाजी. यात ७०-८० ग्रॅम कर्बोदकं सहज असतात. म्हणजे ज्या टाकीत एक चमचा माल आहे त्या टाकीतून दोन-तीन तासांत पंधरा चमचे माल जायचाय, आणि टाकीची पातळी फारशी हलता कामा नये. निरोगी शरीर हे रोज तीन वेळा करतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

त्यामुळे शुगरचा आकडा म्हणजे 'किती खाल्लं' याचं माप नाही. येणारा नळ आणि जाणारा नळ यांच्यातला त्या क्षणाचा फरक त्यात दिसतो. आत येणारे नळ दोन आहेत, आतडं आणि यकृत. दुसऱ्या नळाकडे बहुतेक लोक बघतच नाहीत. बाहेर जाण्याची वाट म्हणजे मुख्यतः स्नायू, आणि तिची चावी इन्सुलिनकडे.

पहिला नळ घेऊ, आतडं. इथे पहिली गोष्ट, 'तेच अन्न' हे बऱ्याचदा तेच नसतं. गरम गरम ताजा भात आणि रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेला भात, दोन्ही एकाच कुकरमधले. पण भात गार होताना त्यातल्या स्टार्चचा काही भाग अशा रूपात जातो की तो लहान आतड्यात नीट पचत नाही. याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. दुसऱ्या दिवशी तो गरम केला तरी त्यातला काही भाग तसाच राहतो. म्हणजे फोडणीचा भात आणि आदल्या रात्रीचा वाफाळता भात यांची शुगर वेगळी येऊ शकते. याचा अर्थ फोडणीचा भात औषध आहे असा नाही, कढईभर खाल्ला तर आकडा सांगेलच. पण 'भात' हा एक शब्द पुरेसा नाही, एवढं नक्की.

तसंच पिठाचं. जाडसर दळलेलं पीठ आणि मैद्यासारखं बारीक पीठ, धान्य एकच असलं तरी पचनाचा वेग वेगळा. कच्चट केळं आणि काळे ठिपके पडलेलं केळं यांच्यातही फरक. तेल-तूप जास्त असलं की जठर हळू रिकामं होतं, म्हणून तळलेलं किंवा चीजवालं खाल्लं की दोन तासांनी आकडा छान दिसतो आणि चार-पाच तासांनी वर जातो. पिझ्झा खाऊन दोन तासांनी मोजून "मला पिझ्झा चालतो" असं जाहीर करणारे मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असतील!

आणि क्रम. २०१५ साली न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल इथल्या संशोधकांनी टाइप २ डायबेटिस असलेल्या ११ जणांना एकच जेवण दोन वेगवेगळ्या दिवशी दिलं. एका दिवशी आधी ब्रेड आणि ज्यूस, मग पंधरा मिनिटांनी चिकन आणि भाज्या. दुसऱ्या वेळी उलटा क्रम. भाज्या आणि चिकन आधी खाल्लं तेव्हा तासाभरानंतरची शुगर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होती. लोक फक्त ११, त्यामुळे ही काळ्या दगडावरची रेघ नाही. पण पदार्थ तेच, माणसं तीच, फक्त क्रम बदलला होता. आपल्याकडे कोशिंबीर, उसळ, भाजी आधी खाऊन भात शेवटी घ्यायला पैसे पडत नाहीत.

मग तो ग्लायसेमिक इंडेक्स? १९८१ साली टोरांटोमध्ये डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. उपयोगी आहे. पण तो आकडा कसा काढतात ते बघा: ठरावीक प्रमाणात कर्बोदकं असलेला एकच पदार्थ काही लोकांना देतात, शुगरचा आलेख काढतात आणि सगळ्यांची सरासरी घेतात. तुम्ही सरासरी नाही, आणि तुम्ही नुसता भात खात नाही. वरण-भात-तूप-लिंबू खाता.

आता जाणारा नळ. जेवण सुरू झालं की निरोगी माणसाचं स्वादुपिंड पहिल्या दहा मिनिटांत इन्सुलिनचा एक झटका सोडतं, आणि मग पुढे हळूहळू सोडत राहतं. तो पहिला झटका यकृताला सांगतो, 'माल येतोय, तू तुझा नळ बंद कर.' टाइप २ मध्ये हा पहिला झटका लवकर कमजोर होतो. कुणाचा किती कमजोर झालाय, यावर त्याच पोळीचा आकडा ठरतो.

दुसरा भाग इन्सुलिन रेझिस्टन्स. इन्सुलिन आहे, पण स्नायू आणि यकृत त्याचं ऐकत नाहीत. इथे पुण्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातल्या चरबीचं प्रमाण? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दोघांचं आडनाव इंग्रजीत 'वाय'ने सुरू होतं, म्हणून याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. शिडशिडीत दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, आणि स्नायू कमी म्हणजे जाणारा नळ बारीक. "एवढा बारीक आहे, याला कसली शुगर?" हे वाक्य म्हणूनच फसवं आहे.

स्नायूंची एक खासियत मात्र आपल्या बाजूची आहे. स्नायू काम करत असताना ते इन्सुलिनच्या चावीशिवायही ग्लुकोज आत ओढू शकतात. जेवून सोफ्यावर मोबाइल घेऊन बसलो आणि जेवून पंधरा मिनिटं चाललो, या दोन दिवसांत ताट तेच असलं तरी आकडा तोच येणार नाही. शतपावली म्हणणाऱ्या आजीला हे यंत्र माहीत नव्हतं, पण सवय बरोबर होती.

आता तो विसरलेला नळ, यकृत. आपण झोपेत असतो, काही खात नाही, तरी मेंदूला ग्लुकोज लागतंच. ते यकृत पुरवतं, साधारण ६० किलोच्या माणसात तासाला ७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे रक्तातलं सगळं ग्लुकोज दर तासाला एकदा बदलून जावं इतकं! पहाटे कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन अशी हॉर्मोन्स वाढतात आणि यकृत नळ आणखी उघडतं. ज्याचं इन्सुलिन पुरेसं आहे त्याला काही होत नाही. डायबेटिसमध्ये मात्र रात्री १३० वर झोपलेला माणूस काहीही न खाता सकाळी १६० वर उठतो. याला डॉन फिनॉमेनन म्हणतात. "रात्री उठून काहीतरी खाल्लं असणार" असा आरोप किती घरांत झाला असेल, विचार करा.

आणि हे दोन्ही नळ रोज सारखे नसतात. १९९९ साली शिकागो विद्यापीठात ११ तरुण, निरोगी मुलांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. ग्लुकोज हाताळायची त्यांची क्षमता ठळकपणे घसरली. हे निरोगी विशीतले लोक होते! मग नाइट शिफ्टनंतरचे पोहे आणि रविवारचे पोहे सारखे कसे वागतील? ताप, इन्फेक्शन, ताण, मासिक पाळीचे दिवस, गोळी जेवणाआधी घेतली की नंतर, आधीच्या जेवणात कडधान्य होतं की नाही, इन्सुलिन रोज एकाच जागी टोचून तिथे गाठ झाली आहे का, या प्रत्येक गोष्टीने आकडा हलतो.

त्यात मोजमापाची चूक वेगळी. ग्लुकोमीटरसाठीचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात १०० च्या वरच्या शुगरला ९५ टक्के आकडे खऱ्या आकड्याच्या १५ टक्के इकडे-तिकडे आले तरी चालतात. म्हणजे खरी शुगर १६० असेल तर मीटरवर १३६ ही येऊ शकते आणि १८४ ही. दोन्ही वेळा मीटर पास! त्यात आंबा कापलेल्या हाताने बोट टोचलं तर विचारूच नका. हात धुवा, पुसा, मग टोचा. दंडावर लावायचा सेन्सर, सीजीएम, रक्तात मोजतच नाही. तो पेशींभोवतीच्या द्रवात मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे असतो. त्याच कुशीवर झोपलं तर दाबामुळे खोटा लो दाखवतो.

आता माझ्या आवडीचा भाग, डेटा. २०१५ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये एरन सेगल आणि एरन एलिनाव यांच्या टीमने डायबेटिस नसलेल्या ८०० लोकांना आठवडाभर सेन्सर लावला आणि ४६ हजारांहून जास्त जेवणांची नोंद घेतली. एकच पदार्थ, पण प्रत्येकाचा आलेख वेगळा. कुणाची शुगर केळ्याने चढत होती आणि बिस्किटाने नाही, कुणाचं बरोबर उलटं. आतड्यातल्या जिवाणूंची माहिती वगैरे घालून त्यांनी मशीन लर्निंगचं मॉडेल बनवलं, आणि ते बऱ्यापैकी अंदाज बांधू लागलं. इथून 'पर्सनलाइज्ड न्यूट्रिशन'च्या अ‍ॅप्सची लाट आली.

पण कुठलाही इंजिनिअर इथे एक प्रश्न विचारेल. तोच माणूस, तेच जेवण, दुसऱ्यांदा दिलं तर तोच आकडा येतो का? अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केविन हॉल यांच्या गटाने हेच तपासलं. डायबेटिस नसलेल्या लोकांना देखरेखीखाली तीच जेवणं आठवड्याभराच्या अंतराने पुन्हा दिली. निघालं काय, तर एकाच माणसाच्या दोन आकड्यांतला फरक हा वेगवेगळ्या माणसांमधल्या फरकाएवढाच मोठा असू शकतो.

म्हणजे माणसामाणसांत फरक आहे हे खरं, पण एका रीडिंगवरून तो कळत नाही. एकदा टेस्ट फेल झाली म्हणून आपण कोड डिलीट करतो का? आधी ती पुन्हा चालवतो. मग एका दिवशी आकडा चढला म्हणून आयुष्यभरासाठी केळं बंद का? आणि एका दिवशी आकडा चांगला आला म्हणून जिलबी चालू का?

आता हे सगळं मी का सांगतोय, त्याकडे येतो.

मागच्या वर्षी मावशी दोन महिने आमच्याकडे राहायला होती. आई आणि मावशी एकाच ताटातलं म्हणावं इतकं सारखं खायच्या. एकाच परातीतली कणीक, एकाच पातेल्यातली आमटी. आईचे आकडे १४०-१६०, मावशीचे २००च्या पुढे. येणारा-जाणारा प्रत्येक नातेवाईक मावशीला ऐकवायचा, "हिचा तोंडावर ताबा नाही." मग महिनाभराने मावशीच्या वहीतले आकडे एकदम सुधारले. १४२, १३८, १४५, १४०. सगळे खूश.

दोघींचे आकडे स्प्रेडशीटमध्ये भरायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा जाणवलं की खरा डेटा इतका गुळगुळीत नसतो. आईची शुगर नियंत्रणात असूनही वर-खाली उड्या मारत होती, आणि मावशीची रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ. ग्लुकोमीटरला मेमरी असते, तारीख-वेळेसकट. मी ती बघितली. २६३, २४१, २५८.

मी तिला एकटीला विचारलं, "मावशी, वहीत वेगळे आकडे का लिहितेस गं?"

ती म्हणाली, "खरे लिहिले की सगळे माझ्या ताटात बघतात रे. शेवटी मी दोन घास कमी खायला लागले, तरी आकडा तोच. मग म्हटलं, जाऊ दे."

यात दोन गोष्टी भयंकर आहेत. पहिली, गोळी चालू असताना ती गुपचूप जेवण कमी करत होती. काही गोळ्या अशा असतात की त्या घेऊन जेवलं नाही तर शुगर धोकादायक खाली जाते. दुसरी, चार दिवसांनी ती वही डॉक्टरांसमोर जाणार होती आणि औषधाचा डोस त्या खोट्या आकड्यांवर ठरणार होता.

मीटरमधल्या तारखा लावून बघितल्या तेव्हा आणखी एक दिसलं. तिचे आकडे आधीही आईपेक्षा जास्तच होते, पण २४०-२६० ची उडी एका ठरावीक दिवसानंतर सुरू झाली होती. त्याच्या आदल्या दिवशी तिने गुडघेदुखीसाठी सांध्यात इंजेक्शन घेतलं होतं. आम्ही वही बाजूला ठेवली आणि खरे आकडे घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मध्ये स्टेरॉइड घेतलंय का?" सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडनेही डायबेटिस असलेल्या माणसाची शुगर काही दिवस चढते. पुढच्या आठवड्यात उडी ओसरली. राहिलेल्या फरकाचं कारणही साधं होतं: मावशीचा डायबेटिस १४ वर्षांचा, आईचा तीन. तिचं स्वादुपिंड आईच्या कितीतरी आधीपासून दमलंय. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. तोंडावरच्या ताब्याचा संबंध फार थोडा होता.

भारतात डायबेटिस असलेले १० कोटींहून जास्त लोक आहेत, असा अंदाज आयसीएमआर-इंडियाब या पाहणीतून २०२३ मध्ये आला. यातल्या किती वह्यांमध्ये घाबरून लिहिलेले आकडे असतील?

मग करायचं काय? तुमच्या घरी कुणाला डायबेटिस असेल आणि फोन तुमच्या हातात असेल, तर हे काम तुम्हीच करू शकता.

एक नाश्ता निवडा. समजा दोन घावन आणि चटणी. खाण्याआधी शुगर मोजा आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी मोजा. दोन्हींमधला फरक लिहा, कारण सुरुवातच १७० वर असेल तर दोष नाश्त्याचा नाही. हेच किमान तीन वेगवेगळ्या दिवशी करा. मग एकच गोष्ट बदला. नाश्त्यानंतर पंधरा मिनिटं चालणं, किंवा एक घावन कमी करून उसळ वाढवणं. पुन्हा तीन दिवस. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. नोंदीत चार रकाने जास्त ठेवा: झोप किती, गोळी किती वाजता, चालणं, आजारपण किंवा नवं औषध. १५-२० च्या फरकाला फरक म्हणू नका, तेवढी तर मीटरची चूक असते.

ही नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा. स्वतःच्या मनाने गोळी किंवा इन्सुलिन बदलू नका. शुगर ७० च्या खाली गेली तर प्रयोग तिथेच थांबवा: तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि डॉक्टरांना कळवा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना गाठा. आणि रोजच्या आकड्यांच्या जोडीला एचबीए१सी बघा, त्यात साधारण तीन महिन्यांचं चित्र येतं.

शेवटचं सांगतो. मीटरवर मोठा आकडा दिसला की "काय खाल्लंस?" च्या आधी दुसरे प्रश्न विचारून बघा. झोप झाली का? बरं वाटतंय ना? गोळी घेतलीस का? नवं काही औषध सुरू झालंय का? प्रश्न बदलला की वहीत खरे आकडे येतात, आणि उपचार खऱ्या आकड्यांवरच होतात.

तुमच्या घरातल्या नोंदी काय सांगतात ते मला व्हॉइस नोटवर नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत जेवून झालं असेल तर फोन खिशात टाका, इअरफोन कानात असू द्या, आणि जरा चालून या.